आधी काऊंटरवरचा प्रश्न, मग कोर्स

‘ताई, मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. एकटीच. देवघेव, कॅटलॉगिंग, संदर्भसेवा, वर्षअखेरची पुस्तकमोजणी, सगळं माझ्याच अंगावर. पदवी घेऊन चौदा वर्षं झाली. तेव्हा शिकलेलं निम्मं आता वापरात नाही आणि आता जे लागतं ते तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या महिन्यात प्रकल्पाचं काम करणारी एक विद्यार्थिनी सात लेखांची यादी घेऊन आली. “मॅडम, एवढे मिळवून द्या.” दोन दिवस शोधलं. तीन मिळाले, चार कुठेच नाहीत. मी कमी पडतेय की यादीच चुकीची आहे, तेही मला सांगता येईना. फार लाज वाटली. मागच्या वर्षी साठवलेले पैसे घालून एक ऑनलाइन प्रमाणपत्र कोर्स केला होता, त्यात नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या. मग फुकटचे वेबिनार ऐकत गेले. अकरा प्रमाणपत्रं जमली, काम मात्र होतं तसंच चाललंय. फीसाठी प्राचार्यांकडे गेले तर म्हणाले, “पुस्तकं द्यायला-घ्यायला आणखी काय शिकायचं?” परवडेल आणि खरंच उपयोगी पडेल असं काय शिकू, कुठून शिकू? इंग्रजी वाचता येतं, पण भरभर बोललेलं कळत नाही.’

तुमच्या पत्रात फी, प्रमाणपत्रं आणि प्राचार्य यांच्याबद्दल बरंच आहे. त्या विद्यार्थिनीबद्दल मोजून काही ओळी. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

न सापडलेले ते चार लेख बहुधा कधी लिहिलेच गेले नसावेत. गप्पा मारणाऱ्या एआय साधनाला संदर्भ मागितले, की ते कधी कधी नुसता संदर्भासारखा दिसणारा मजकूर तयार करतं. अशा वेळी बऱ्याचदा लेखकाचं नाव खरं असतं, नियतकालिक खरं असतं, खंड आणि पृष्ठक्रमांकही पटण्यासारखे असतात. त्या नावाचा लेख मात्र त्या अंकात नसतो. म्हणूनच शोधणाऱ्याची दमछाक होते: प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे सापडतो, एकत्र कुठेच नाही. तुमचे दोन दिवस यातच गेले असणार. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण यावर उपाय आहे, तो शिकायला पैसे लागत नाहीत, आणि एका दुपारी शिकून होतो.

यादीत डीओआय, म्हणजे लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक, दिला असेल तर तो आधी डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यावर टाकून पाहा. पान उघडलं नाही तर संशय घ्या. उघडलं तरी तिथे तोच लेख आहे ना ते वाचा, कारण खरा डीओआय दुसऱ्याच लेखाचा असू शकतो. डीओआय नसेल तर लेखाचं शीर्षक क्रॉसरेफच्या शोधात टाका. क्रॉसरेफ ही 2000 सालापासूनची संस्था, संशोधन नियतकालिकांच्या डीओआयची नोंद ठेवणारी, आणि तिचा शोध सर्वांना खुला आहे. तिथेही नाही मिळालं तर शेवटची आणि सगळ्यात पक्की पायरी: त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर जाऊन तो खंड, तो अंक उघडायचा आणि अनुक्रमणिका वाचायची. डीओआय नाही म्हणून लेख खोटा, असं मात्र कधी म्हणू नका. जुन्या आणि लहान नियतकालिकांतल्या कितीतरी खऱ्या लेखांना डीओआय नसतोच. अनुक्रमणिका हाच खरा साक्षीदार. अनुक्रमणिका वाचणं तर आपलं जुनंच काम.

आता तुम्ही विचारलेलं. काय शिकू? माझा आग्रह एकच आहे: कोर्सची यादी घेऊन बसू नका, काऊंटरवरचा प्रश्न घेऊन बसा. गेल्या तीन महिन्यांत कुठे अडलात ते लिहून काढा. कोणता प्रश्न परतून परतून आला, कोणत्या कामात तास वाया गेले, कुठे वाचकाला ‘नाही सांगता येत’ म्हणून पाठवावं लागलं. त्यातला एकच उचला. तो सोडवायला जेवढं लागतं तेवढंच शिका आणि शिकलेलं त्याच आठवड्यात कामात वापरा. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सगळ्यात झपाट्याने विसरतं. वेबिनार ऐकला, प्रमाणपत्र उतरवून घेतलं, खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी हाती काय राहणार? तुमच्या अकरा प्रमाणपत्रांचं असंच झालं असावं. ते वेबिनार वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांच्यातला एकही तुमच्या प्रश्नावर नव्हता, एवढंच.

मीही यातून गेले आहे. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा मार्क नोंदींवरची (मार्क म्हणजे पुस्तकाची माहिती संगणकाला वाचता यावी म्हणून ठरवलेला साचा) व्याख्यानं मी सहा महिने ऐकत होते. वही भरली होती आणि नोंद एकही करता येत नव्हती. मग एका दिवशी दहा पुस्तकं टेबलावर घेतली आणि ठरवलं, आज यांच्या नोंदी पुऱ्या करूनच उठायचं. 020 या रकान्यात आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, 100 मध्ये लेखक, 245 मध्ये शीर्षक, 650 मध्ये विषय. पहिल्या पुस्तकाला तास लागला, दहाव्याला दहा मिनिटं. सहा महिन्यांच्या वहीने जे दिलं नाही ते त्या दहा पुस्तकांनी दिलं.

तर तुमचा पहिला प्रश्न ठरलेलाच आहे: माहिती खरी की खोटी, हे कसं ओळखायचं आणि विद्यार्थ्यांना कसं शिकवायचं. याच्यासाठी दोन ठिकाणं सांगते. पहिलं, हेलसिंकी विद्यापीठाचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा कोर्स. 2018 पासून चालू आहे, सगळ्यांना मोफत, प्रमाणपत्रही मोफत. पहिल्या भागाला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. मजकूर वाचायचा आणि प्रश्न सोडवायचे अशी त्याची मांडणी आहे, म्हणून भरभर बोलणाऱ्या इंग्रजीची तुमची अडचण इथे येणारच नाही. दुसरं, ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’ हे पाठ, स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी तयार केलेले, तेही मोफत. त्यांच्यामागचा अभ्यास मला फार आवडतो, म्हणून थोडा सविस्तर सांगते.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात 45 जणांना अनोळखी संकेतस्थळं दाखवून त्यांची पारख करायला सांगितलं. त्यांत 10 इतिहासाचे पीएच.डी. अभ्यासक होते, 25 स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, वरपासून खालपर्यंत वाचत गेले, आणि नीटनेटकी मांडणी, अधिकृत वाटणारं बोधचिन्ह यांना फसले. तथ्य-तपासनीस थोडकं पाहून लगेच बाहेर पडले. नव्या खिडक्या उघडून त्यांनी आधी शोधलं, की या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात. तेच लवकर आणि अचूक निष्कर्षाला पोचले. या पद्धतीला आडवं वाचन म्हणता येईल. मला त्यात आपल्या संदर्भविभागाची सवय दिसते: ग्रंथाची किंमत त्याच्या मुखपृष्ठावरून ठरवायची नसते, दुसऱ्या ग्रंथांत त्याचा उल्लेख कसा येतो तेही पाहायचं असतं. तुम्हाला हे निम्मं आधीच येतं. ते पडद्यावर वापरायची सवय तेवढी लावायची आहे.

हे दोन्ही करून झालं, की विद्यार्थ्यांसाठी चाळीस मिनिटांचा एक तास घ्या. त्यात त्या सात संदर्भांची यादीच फळ्यावर मांडा, मुलीचं नाव न घेता. मुलांना स्वतः शोधू द्या. शिकवायला उभं राहिल्यावर आपल्याला काय कळलंय आणि काय नाही, ते जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याच परीक्षेत दिसत नाही.

दुसरा प्रश्न तुमच्या पत्रात शब्दांनी आलेला नाही, पण चौदा वर्षांच्या नोंदी एका हाताने केलेल्या असल्या की तो असतोच: कॅटलॉगमधली गडबड. एकच लेखक चार तऱ्हांनी नोंदलेला. कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं आधी, कुठे टिंब, कुठे मोकळी जागा. वाचक एका नावाने शोधतो आणि निम्मी पुस्तकं त्याला दिसतच नाहीत. ‘लायब्ररी कार्पेंट्री’ नावाने ग्रंथालयातल्या लोकांसाठीच लिहिलेले पाठ आहेत. 2015 साली लंडनमध्ये हे काम सुरू झालं आणि सगळे पाठ खुल्या परवान्याखाली आहेत: वाचा, वापरा, भाषांतर करा. त्यातला ओपनरिफाइनवरचा पाठ आधी घ्या. ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकावर चालतं, त्यामुळे नोंदी बाहेर कुठे पाठवाव्या लागत नाहीत. त्यात ‘क्लस्टर’ नावाची सोय आहे. तिची एक पद्धत प्रत्येक नावातली विरामचिन्हं काढते, शब्द वर्णानुक्रमे लावते आणि मग सारखी निघालेली नावं शेजारी शेजारी दाखवते. ‘जोशी, सुमती’ आणि ‘सुमती जोशी’ एका गटात येतात. ती दोन्ही एकाच बाईची नावं आहेत की दोन वेगळ्या बायकांची, हे मात्र यंत्राला कळत नाही. ते ठरवायला ग्रंथपालच लागतो. एकत्र करा म्हणून घाईने बटण दाबू नका आणि मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.

कॅटलॉगिंगचा पाया उजळायचा असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने स्वतःच मार्कची ओळख करून देणारी पुस्तिका आणि कॅटलॉगिंगचं प्रशिक्षण-साहित्य आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवलं आहे. मार्कचा जन्मच तिथला. हेन्रिएट अॅव्हरम या प्रोग्रॅमर बाईंच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात तो घडला. उगमापाशी पाणी फुकट मिळतंय, तर तेच साहित्य स्लाइडवर चिकटवून विकणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे? आणि सराव करायला कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झालं, 2000 च्या जानेवारीत तिथे चालू झालं, आणि मग जगाला मोफत देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तुमच्या ग्रंथालयात दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी चालेल. कोहाच्या चाचणी आवृत्तीवर खोट्या नोंदी करा, खोटे वाचक भरा, पुस्तकं द्या, दंड लावा. तिथे चूक झाली तर कुणाचं काही बिघडत नाही.

बाकी रोजच्या कामासाठी, म्हणजे मुलांचे उपक्रम, अवघड वाचकाशी बोलणं, निरुपयोगी पुस्तकं काढून टाकण्याचे निकष, यासाठी वेबजंक्शन हे संकेतस्थळ पाहा. ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था ते 2003 पासून चालवते. रेकॉर्ड केलेले वेबिनार आहेत आणि ते कधीही पाहता येतात. तुमच्या इंग्रजीच्या अडचणीवरही उपाय त्यातच आहे: थेट कार्यक्रमाला हजर राहायचा अट्टहास सोडा, रेकॉर्डिंग पाहा. गती पाऊणपट करा, खाली मजकूर दिसू द्या, दर दहा मिनिटांनी थांबून एक वाक्य आपल्या भाषेत लिहा. ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जात असेल तर बिनदिक्कत वाचा. ‘एव्हिडन्स बेस्ड लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रॅक्टिस’ हे अल्बर्टा विद्यापीठाचं नियतकालिक 2006 पासून खुलं आहे. त्यात इतर ठिकाणी झालेल्या संशोधनाची दोन-तीन पानांत पारख केलेली असते: अभ्यास काय होता, कुठे कच्चा होता, आपल्याला त्यातून काय घेता येईल. महिन्याला असा एक मजकूर वाचलात तरी वर्षाला बारा होतात. व्हिडिओ पाहणं म्हणजेच शिकणं, असा समज का झाला कोण जाणे. आपण तर वाचणारी माणसं.

पैसे कधी भरावेत? माझ्या मते दोनच वेळा. बढतीसाठी किंवा वेतनवाढीसाठी ठरावीक प्रमाणपत्र लागत असेल तेव्हा, किंवा शिकवणारा तुमचं काम स्वतः तपासून चुका दाखवणार असेल तेव्हा. पहिल्या बाबतीत पैसे भरण्यापूर्वी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या, की हे प्रमाणपत्र ग्राह्य धरणार का. तोंडी ‘हो, चालेल’ वर विसंबू नका. दुसऱ्या बाबतीत आधी अभ्यासक्रम, शिकवणाऱ्याचं नाव आणि एक नमुना धडा मागा. गृहपाठ कोण तपासणार, किती दिवसांत, तेही विचारा. यातलं एकही उत्तर सरळ मिळालं नाही तर तिथून उठा. तुमचा मागच्या वर्षीचा कोर्स या प्रश्नांपुढे टिकला नसता असं मला वाटतं. पण हे प्रश्न विचारायचे असतात, हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या पैशांसाठी स्वतःला बोल लावू नका. कष्टाने साठवलेलं स्वतःच्या शिक्षणात घालणारी माणसं थोडी असतात, आणि मला त्याबद्दल तुमचा आदर वाटतो.

कोर्सेरा, एडएक्ससारख्या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या ठिकाणी काही कोर्स प्रमाणपत्राशिवाय नुसते ऑडिट करता येतात, म्हणजे फी न भरता पाहता-वाचता येतात, सगळेच नाही. कुठे आर्थिक मदतीसाठी अर्जही करता येतो. अर्ज करायला संकोचू नका, ती सोय तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलेली असते. ‘सात दिवस मोफत’ असं म्हणून कार्डचा क्रमांक मागितला तर मात्र आठव्या दिवशी पैसे कापले जाणार हे धरून चाला, आणि सहाव्या दिवसाची आठवण लावून ठेवा. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे मोफत वेबिनारही असतात. तुमच्याकडे त्यांचं सॉफ्टवेअर असेल तर ते जरूर पाहा, नसेल तर तो वेळ वाचवा.

वेळेवरून मूळ अडचणीकडे येते. फुकट कोर्सला पैसे पडत नाहीत, पण तास पडतात, आणि एकट्या ग्रंथपालाकडे तेच नसतात. म्हणून प्राचार्यांकडे पुन्हा जा, आणि या वेळी पैसे मागू नका. आठवड्याला दोन तास मागा, कामाच्या वेळेतले, ठरलेल्या वाराला, काऊंटरवर कुणाला तरी बसवून. घरी रात्री दमून शिकायचं हे गृहीत धरू नका. ग्रंथालयासाठी शिकायचं तर ते ग्रंथालयाच्या वेळेत व्हायला हवं.

जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर लिहा: एका विद्यार्थिनीच्या सात संदर्भांपैकी चार सापडले नाहीत, शोधण्यात दोन दिवस गेले, हेच आता अर्ध्या तासात तपासता येतं, आणि मला हे सगळ्या प्रकल्पाच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आहे. खोटे संदर्भ असलेला प्रकल्प महाविद्यालयाच्या नावाने बाहेर जावा, असं कोणत्याही प्राचार्यांना वाटणार नाही. ‘पुस्तकं द्यायला-घ्यायला काय शिकायचं’ म्हणणाऱ्या माणसाला आपलं बाकीचं काम बहुतेक वेळा दिसलेलंच नसतं. मन दुखावतं, मला माहीत आहे. पण वाद घालून ते दिसत नाही, असा कागद पुढे ठेवला की दिसतं.

तो कागद पुढेही चालू ठेवा. एक साधी वही: तारीख, काय शिकले, ग्रंथालयात त्यामुळे काय बदललं. बदल आकड्यात लिहा. ओपनरिफाइन वापरण्यापूर्वी लेखकांची किती नावं होती, नंतर किती उरली. विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या तासाला किती जण आले, त्यांतल्या किती जणांनी स्वतःहून संदर्भ तपासून आणले. वर्षअखेरीच्या अहवालात अकरा प्रमाणपत्रांपेक्षा या वहीचं एक पान जास्त वजनाचं ठरेल, आणि पुढच्या वर्षी पैसे मागायचे झाले तर हेच पान घेऊन जाता येईल.

आणि एकटीने करू नका. तुमच्यासारख्या एकट्याने ग्रंथालय सांभाळणाऱ्या दोघी-तिघी शोधा, पदवीच्या वर्गातल्या असतील तर उत्तमच. सगळ्यांनी तोच पाठ घ्यायचा, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर अर्धा तास भेटायचं, प्रत्येकीने आपल्या ग्रंथालयात काय करून पाहिलं ते दाखवायचं. फुकटचा कोर्स अर्ध्यावर सोडायला काहीच अडत नाही, कुणी विचारत नाही. मैत्रीण विचारते. लायब्ररी कार्पेंट्रीचे पाठ गटाने करायलाच लिहिलेले आहेत, तिथूनच सुरुवात करा.

तूर्त एवढंच करा: त्या विद्यार्थिनीला बोलावून घ्या आणि उरलेले चार संदर्भ तिच्या शेजारी बसून तपासा. तिला रागावू नका, तिला बहुधा माहीतच नव्हतं. ते चार नसतील तर त्यांच्या जागी त्याच विषयावरचे चार खरे लेख तिला शोधून द्या. मग मला कळवा, चारांपैकी किती खरे निघाले. मी वाट पाहते.